बोहनीची सही

खानापूरपासून निपाणीपर्यंतचा निम्मा मुलूख आमच्या सरांनी आतून पाहिला आहे, आणि त्यातला एकही माणूस ते रस्त्यात ओळखत नाहीत. कुणाच्या पित्ताशयात काय निघालं, कुणाच्या मानेवरची गाठ कशाची होती, हे त्यांना वीस वर्षांनीही आठवतं. पण ज्याची ती गाठ, तो माणूस समोर येऊन हात जोडायला लागला की सर वळून मागे बघतात. नमस्कार मागच्या कुणाला असेल, अशी त्यांची खात्री असते. सर पॅथॉलॉजिस्ट. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्या लॅबमध्ये येतो, मी तो मेणात बसवते, मेणाच्या त्या ब्लॉकचे केसाहून पातळ काप काढते, काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवते आणि सरांच्या टेबलावर ठेवते. सर मायक्रोस्कोपमधून बघून गाठ साधी की वाईट ते लिहितात आणि खाली सही करतात. त्या सहीवर सर्जनचा चाकू, पेशंटची झोप आणि घरच्यांचं जेवण अडलेलं असतं. मी कंग्राळीची, शेतकऱ्याची मुलगी. भांगलणीला बसून तण उपटणारा माझा हात काचेवर काप धरायला शिकला तो सरांच्या हाताखाली, आणि त्याला आता बावीस वर्षं झाली.

सरांच्या तोंडी पेशंटचं नाव कधी यायचं नाही. ते गावाच्या नावाने बोलायचे. जांबोटी अजून रंगवली नाहीस का, संकेश्वर जरा जाड कापलंस, खानापूरला मेण कमी पडलंय, असं दिवसभर चालायचं. नव्याने लागलेल्या टायपिस्टबाई पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या की सर अख्ख्या तालुक्याला फॉर्मलिनमध्ये घाला म्हणतात, डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या वधूपित्याने आपलं गाव सांगितलं, तर सर जिलबी बाजूला सारून मोठ्या आपुलकीने म्हणाले, "तुमच्यात पित्ताचे खडे लई. पण चांगले असतात, गुळगुळीत." त्या माणसाने पुढचं सगळं जेवण खाली मान घालून केलं.

फोन सरांनी कधी टेबलावर ठेवला नाही. तो खालच्या ड्रॉवरमध्ये, रिकाम्या काचांच्या डब्यांखाली पडलेला असायचा. रिपोर्ट कधी मिळणार म्हणून सर्जनचा फोन आला की मी तो शोधून द्यायची. मराठी सर्जन असेल तर सर म्हणायचे, "शिजतंय," आणि कन्नड असेल तर, "कुद्याक हत्तेती," आणि फोन परत डब्यांखाली. आणखी एक प्रश्न त्यांच्या जिभेवर कायमचा बसलेला होता: पूर्वीचं काय? आमच्या फॉर्मवर पूर्वीच्या आजारांचा एक रकाना असतो. तो कोरा आला की सर फॉर्म परत पाठवायचे, मग पाठवणारा कितीही मोठा डॉक्टर असो. हा प्रश्न लॅबपुरता राहिला असता तर ठीक होतं. पण सर तो रिक्षावाल्याला विचारायचे, बँकेतल्या कॅशियरला विचारायचे, आणि भाजीवालीने गवारीचा भाव सांगितला की तिच्या डोळ्यांकडे बघून पूर्वी कधी कावीळ झालती का, हेही विचारायचे. ती बिचारी भाव कमी करून मोकळी व्हायची.

या सगळ्यावर कडी म्हणजे सरांची बोहनी. त्यांच्या आजोबांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, आणि दुकान गेलं तरी दुकानाची ही एक रीत नातवाच्या अंगात शिल्लक राहिली. सकाळची पहिली सही निरुपद्रवी रिपोर्टवरच व्हायला हवी. चरबीची गाठ, साधं अपेंडिक्स, कुणाचे टॉन्सिल, काहीही चालेल. पहिलं गिऱ्हाईक हसत गेलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. ते मिळेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कागदाला त्यांचं पेन लागायचं नाही. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, परदेशातून मासिकं मागवणारा, आणि ही अंधश्रद्धा. मी सुरुवातीला वाद घातला, मग शहाणी झाले आणि आदल्या दिवशीचं एखादं साधं अपेंडिक्स दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायला लागले. सरांना ते माहीत होतं. ते पेन काढून सही करायचे.

आणि एक हिरवी फाइल होती. नाडीने बांधलेली, कपाटात सगळ्यात वर. शनिवारी दुपारी काम संपलं की सर ती काढायचे, दार लावून घ्यायचे आणि तासभर आत बसायचे. टायपिस्टबाईंच्या मते सर कविता करतात. वॉचमनच्या मते त्यात वाटणीचे कागद होते. मला वाटायचं जुनी पत्रं असतील, कारण बाहेर आल्यावर सरांचा चेहरा जरा उतरलेला असायचा आणि चहा ते बिनसाखरेचा प्यायचे. आम्ही कुणी विचारलं नाही.

पाच वर्षांपूर्वी माझ्या आक्काच्या डाव्या स्तनात गाठ लागली. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, निपाणीच्या अलीकडे एका गावात दिलेली. मला अंगाखांद्यावर खेळवलेली ती एकच. दाजींनी तिला बेळगावात आणली, सर्जननी तपासली, सुई घालून तुकडा काढला आणि तो तपासायला आमच्याकडेच आला. फॉर्म मी भरला.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. सीमेवरच्या घरात दोन फायली असतात. एक इकडच्या राज्याच्या सरकारी उपचार योजनेच्या कार्डाची, दुसरी सीमेपलीकडच्या राज्याची, कुणातरी नातेवाइकाच्या पत्त्यावर केलेली. इकडच्या टेबलावर तिकडचा कागद निघाला की दोन्हीकडचं नाव कापतात, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. कापल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, पण समजूत आहे. त्या गाठीच्या आठ वर्षं आधी आक्काचं आतडं अडकलं होतं, तेव्हा कागलच्या मामांच्या पत्त्यावर तिचं कोल्हापूरला ऑपरेशन झालं. आतड्याचा वीतभर तुकडा काढला, त्यात बोराएवढी गाठ होती, तीही निघाली. वर्षाला दाखवायला या म्हणून सांगितलं होतं. आक्का बरी झाली, भांगलायला जायला लागली, आणि वर्षाला जायचं राहून गेलं. आता आमच्या काउंटरवर दाजी वाकून हळूच म्हणाले, कोल्हापूरचं काही लिहू नको. मीही विचार केला, कुठे आतडं आणि कुठे स्तन, आणि पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईने लिहिलं.

सरांनी काच आधी नेहमीप्रमाणे खिडकीकडे धरून नुसत्या डोळ्यांनी पाहिली, मग मायक्रोस्कोपखाली घातली आणि बराच वेळ मान वर केली नाही. लई शिस्तीचं हाय गं, एवढंच म्हणाले. स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये पेशी वेड्यावाकड्या, लहानमोठ्या असतात. या सगळ्या एका मापाच्या, लहान लहान घोळक्यांनी बसलेल्या, आणि प्रत्येकीत तीळ पेरल्यासारखे बारीक ठिपके. सरांनी मला समजावून सांगितलं की शरीरात काही पेशी अर्ध्या ग्रंथीच्या आणि अर्ध्या मज्जातंतूच्या वळणाच्या असतात, रक्तात रसायनं सोडतात, आणि त्यांचं मोठं घर म्हणजे आतडी आणि फुप्फुसं. त्यांची गाठ झाली की तिला न्यूरोएंडोक्राइन म्हणतात. स्तनात ती इतकी क्वचित दिसते की पुष्कळ डॉक्टरांच्या आयुष्यात ती येतच नाही. ती ओळखायचे खास रंग असतात. ते लावले, पेशी तपकिरी झाल्या आणि नाव पक्कं झालं. आता गाठ स्तनातच जन्मली की दुसरीकडून आली, एवढाच प्रश्न राहिला. स्तनाची खूण सांगणारा जो रंग चढायला हवा होता, तो चढला नव्हता. पण तसं एखाद्या वेळी होतं, आणि फॉर्मवर तर 'नाही' लिहिलेलं. सरांनी रिपोर्ट टाइप करायला दिला: गाठ स्तनातलीच. तोंडी निरोपावर सर्जननी पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरवलं. स्तन पूर्ण काढायचा आणि मग केमोथेरपी.

टाइप केलेला रिपोर्ट सहीला आला त्या सकाळी ट्रेमध्ये पाच केसेस होत्या आणि पाचही वाईट. आदल्या दिवशी मी रजा काढून आक्काबरोबर छातीच्या सोनोग्राफीला गेले होते, त्यामुळे राखून ठेवलेलंही काही नव्हतं. दाजी बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी रिपोर्ट पुढे केला. सरांनी विचारलं बोहनीला काय आहे, मी म्हटलं काही नाही, आणि त्यांनी पेनचं टोपण परत लावलं.

"सर, माझी आक्का हाय ती," मी म्हणाले. तोवरच्या सतरा वर्षांत मी त्यांच्याशी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते.

"म्हणूनच ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "तुझ्या आक्काची बोहनी करून मला दिवस काढायचा न्हाय."

मी ब्लॉकचा ड्रॉवर असा आपटला की काचा वाजल्या. मनातल्या मनात राजीनामा लिहिला, त्यात वेडा, हट्टी, दुकानदाराचा नातू असे शब्द घातले. दाजींना काय सांगू ते कळेना, म्हणून शिजतंय म्हणून सांगितलं, आणि त्या शब्दाची मला किळस आली. त्या दिवशी एकही सही झाली नाही. सह्याच नाहीत म्हटल्यावर सरांना काम नव्हतं, आणि काम नव्हतं म्हणून ते दिवसभर आक्काची तीच काच बघत बसले. संध्याकाळी जायच्या आधी त्यांनी मला आणखी दोन रंग लावायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरची एक चरबीची गाठ आली, बोहनी झाली, बाकीचे चार रिपोर्ट सही होऊन गेले. आक्काचा गेला नाही. शनिवारी नवे रंग तयार झाले. स्तनाची दुसरी खूणही चढली नव्हती, आणि आतड्याची खूण सांगणारा रंग स्वच्छ तपकिरी चढला होता. सरांनी मला बोलावून विचारलं, पूर्वीचं काय? मी म्हटलं, फॉर्मवर लिहिलंय, सर. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, उद्या आपण आक्काकडे जाऊन येऊ. सर आजवर एकाही पेशंटच्या घरी गेले नव्हते. त्या शनिवारी त्यांनी हिरवी फाइल काढली नाही.

रविवारी आम्ही बसने निघालो. सरांनी खिशात लिंबू ठेवलं होतं, कारण बस त्यांना लागते. कंडक्टरला त्यांनी पूर्वीचं विचारून घेतलं. संकेश्वर आलं तेव्हा ते खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्यावरची माणसं, उसाच्या गाड्या, दुकानांच्या पाट्या असं सगळं इतक्या कुतूहलाने बघायला लागले की मला हसू आलं आणि रडूही. ज्या गावाच्या आत हा माणूस इतकी वर्षं वावरला, ते गाव बाहेरून तो पहिल्यांदा बघत होता.

आक्काने आमच्यासाठी चहा केला, स्वतः घेतला नाही. चहा घेतला की पोट बिघडतं, म्हणाली. बोलता बोलता तिचं तोंड आणि गळा तांबडालाल झाला आणि थोड्या वेळाने ती लाली उतरली. सरांनी हे कधीपासून होतं म्हणून विचारलं. ती हसली, पाळी जायचं वय आहे, सगळ्याच बायकांना होतं. सरांनी दाजींना विचारलं, पूर्वी कुठलं ऑपरेशन? दाजी म्हणाले, काही नाही. सरांनी आक्काला विचारलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं. सरांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी तिसऱ्यांदा खोटं बोलले असते. ते नुसते बशीत चहा ओतून गार करत बसले होते.

"कोल्हापूरला आतड्याचं ऑपरेशन झालंय, सर," मी म्हणाले. "आठ वर्सं झाली. फॉर्मवर मीच न्हाय म्हणून लिवलं."

दाजी उठून आत गेले. मला वाटलं रागावून गेले. पण ते ट्रंकेतून, लग्नाच्या शालूखालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल घेऊन आले आणि सरांच्या हातात देऊन भिंतीला टेकून उभे राहिले. सर फाइल घेऊन उंबऱ्यात उजेडाला बसले. वाचून झाल्यावर कुणाला रागावले नाहीत. एवढंच विचारलं, तिथला मेणाचा ब्लॉक अजून असंल काय?

ब्लॉक होता. सोमवारी दाजी कोल्हापूरला जाऊन तो घेऊन आले, मंगळवारी मी काप काढले, बुधवारी सकाळी सरांनी मला मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीला डोळा लावायला सांगितलं. आधी एक काच घातली, मग दुसरी, मग परत पहिली. आणि विचारलं, कोल्हापूर कंचं आणि निपाणी कंचं, सांग. माझ्या हाताने रंगवलेल्या काचा, पण मला सांगता येईना. तेच घोळके, तेच तीळ. मग सरांनी स्वतः ड्रॉवर उघडून डब्यांखालून फोन काढला आणि सर्जनना लावला. सर्जननी शांतपणे ऐकून घेतलं आणि गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलं. मग केलेल्या स्कॅनमध्ये यकृतावरही तीनचार ठिपके दिसले. तोंड लाल होत होतं ते त्यांनी रक्तात सोडलेल्या रसायनांमुळे.

आक्काला सांगायचं काम सरांनीच केलं. ती लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसली आणि तिने सरळ विचारलं की कॅन्सर आहे का नाही.

"हाय," सर म्हणाले. "पण छातीतला न्हाय. आतड्यातला हाय, तिथनं हिंडत आलाय. चाल लई धिमी हाय त्याची. छाती काढून तो जायचा न्हाय. महिन्याला एक सुई घ्यायची आणि सांभाळून ऱ्हायचं."

"किती वर्सं?"

"ते मला काचंत दिसत न्हाय. पण पुष्कळ असावीत."

 पदर सारखा करत आक्का दाजींना म्हणाली, "आठ वर्सं पावणं घरात ऱ्हायलंय आणि आपण ट्रंकंत दडवून ठेवलं बघा." दाजी तोंड फिरवून रडले. मीही रडले, आनंदाने की कशाने ते मला अजूनही सांगता येत नाही.

पुढे या केसचं बरंच नाव झालं. सर्जन लॅबमध्ये येऊन सरांचा हात हातात घेऊन गेले, एका सभेत सरांना ती केस सांगायला बोलावलं. सर गेले नाहीत. कुणी वाखाणलं की बशीतला चहा ढवळत बसायचे, आणि बशीतला चहा कुणी ढवळत नाही. मला तो विनय वाटायचा.

गेल्या वर्षी सरांनी काम थांबवलं. डोळे अधू झाले. काच खिडकीकडे धरली की रंग दिसतो, पुढचं दिसत नाही, म्हणाले. मुलीकडे धारवाडला राहायला गेले. शेवटच्या दिवशी मी एक साधं अपेंडिक्स सगळ्यात वर ठेवलं होतं आणि एक चरबीची गाठ सगळ्यात खाली. शेवटचा कागद बघून ते हसले आणि सही केली. मग ती हिरवी फाइल कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. नव्या डॉक्टरबाईंना देऊ नको, घाबरतील, तू ठेव, असं म्हणाले.

घरी येऊन नाडी सोडली. कविता नव्हत्या, वाटणीचे कागदही नव्हते. त्या सरांच्या चुका होत्या. पहिल्या वर्षापासूनच्या, एकेक कागदावर केसचा नंबर, गाव, आणि बारीक अक्षरात आपण कुठे चुकलो ते. जांबोटी, घाई केली. खानापूर, दुसरा काप मागवायला हवा होता. शनिवारी दुपारी तासभर सर हेच वाचत बसायचे. निम्म्याच्या पुढे आक्काचा तो फॉर्म लागला. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात माझ्या अक्षरातलं 'नाही'.  माझी चूक त्यांनी एवढी वर्षं जपून ठेवली, असं वाटलं. मग फॉर्म उलटा केला. मागे सरांनी लिहिलं होतं: "निपाणी. रिपोर्ट टाइप करून तयार होता. रंग चढला नव्हता, तरी फॉर्मवर विसंबलो. पेशंटबाईंना विचारलं नाही. त्या सकाळी बोहनीला काही असतं तर सही करून मोकळा झालो असतो. चूक माझी." माझं नाव कुठेच नव्हतं.

आक्का दर महिन्याला सुई घ्यायला बेळगावला येते. सुई झाली की माझ्या काउंटरवर येऊन सरांना फोन लाव म्हणते. धारवाडहून आवाज येतो, कोण, निपाणी काय? ती म्हणते, व्हय, निपाणीच. मग सर तिला दर वेळी तोच प्रश्न विचारतात, आणि आक्का रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, कोल्हापूरला आतड्याचं ऑपरेशन, सर, मामाच्या पत्त्यावर. दाजी शेजारी उभे राहून मान हलवतात. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघतात, आणि एखाददुसरा हळूच पिशवीतून आपली दुसरी फाइल काढतो. मी फॉर्म पुढे ओढते आणि तो रकाना सगळ्यात आधी भरते.